घरातली अडगळ झटपट कशी काढावी

कपाटातला एक खण रिकामा करायला पाच मिनिटं लागतात आणि परत भरायला अख्खी दुपार जाते. मधला सगळा वेळ एकाच प्रश्नात जातो: हे ठेवायचं की काढायचं? एका खणात शंभरेक वस्तू सहज निघतात. प्रत्येकीवर अर्धा मिनिट विचार केला तरी पन्नास मिनिटं झाली, आणि शेवटच्या वीस वस्तूंपर्यंत डोकं इतकं शिणलेलं असतं की त्या न बघताच परत आत कोंबल्या जातात. म्हणजे काम लवकर उरकायचं तर हात भराभर चालवून उपयोग नाही. घ्यावे लागणारे निर्णय कमी करायला हवेत.

नियम आधी, वस्तू नंतर

वस्तू हातात आली की ती आहे त्यापेक्षा मोलाची वाटू लागते. डॅनियल कानमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग देऊन विचारलं, केवढ्याला विकाल? बाकीच्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. कॉफीचा मग तोच, मालकी काय ती काही मिनिटांची. त्यामुळे किती ठेवायचं हे कपाट उघडण्याआधी, कागदावर लिहून ठरवा. उघड्या कपाटासमोर केलेला नियम वस्तूंच्या बाजूनेच झुकतो.

नियम म्हणजे आकडे. माणशी टॉवेल दोन. प्रत्येक पलंगाला चादरींचे दोन संच, फार तर तीन. कापडी पिशव्या आठ, रिकाम्या बरण्या सहा, कात्र्या तीन. तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील आणि ते बरोबरच असतील. आकडा लिहिलेला असणं महत्त्वाचं. तुटक्या वस्तूंसाठी एकच नियम पुरतो: दुरुस्तीला नेण्याची तारीख आत्ता सांगता आली तर ठेवा आणि ती तारीख कॅलेंडरवर टाका, नाहीतर काढा. 'वर्षभर वापरलं नाही तर टाका' हा लोकप्रिय नियम कपड्यांना बरा आहे, पण अवजारं, प्रथमोपचाराचं सामान, हंगामी कपडे आणि कागदपत्रं यांना तो लावू नका. पाईप फुटेल तेव्हा पान्हा हवाच, मग तो गेली तीन वर्षं तसाच पडून असला तरी.

हाताशी काय हवं

कचऱ्यासाठी जाड पिशवी, द्यायच्या वस्तूंसाठी एक खोका, 'दुसऱ्या खोलीतलं' यासाठी एक टोपली, आणि अनिश्चित वस्तूंसाठी एक लहान खोका. शिवाय मार्कर, चिकटपट्टी, ओलं फडकं, मास्क आणि गजर लावायला फोन. गजर लावला की फोन पालथा ठेवा.

नवे डबे, ट्रे, कप्पे आत्ता विकत घेऊ नका. ही सर्वांत नेहमीची चूक. किती वस्तू उरणार हे माहीत नसताना घेतलेले डबे चुकीच्या मापाचे निघतात, आणि रिकामे राहिले की तेच नवी अडगळ होतात. सगळं निवडून झाल्यावर खणाची आतली लांबी, रुंदी, उंची मोजा आणि मगच ठरवा. बरेचदा घरातले खोकेच पुरतात. मात्र ओलसर जागेत पुठ्ठ्याचे खोके नकोत. पुठ्ठा दमट होतो आणि त्याला कसर लागते.

माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, त्यांची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. मग हातमोजे घालून त्यावर ताजं ब्लीचचं पाणी शिंपडा (एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी), पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून घ्या.

कुठून सुरुवात

जिथे निर्णय वस्तूवरच छापलेला असतो तिथून. औषधांचा डबा, न्हाणीघरातलं कपाट, सौंदर्यप्रसाधनं: मुदत संपली की विषय संपला. मग चपला-बूट, स्वयंपाकघरातले खण, कपडे, पुस्तकं, वायरी, कागद. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. बहुतेक जण उलट करतात. सर्वांत जास्त डोळ्यांत खुपतो तो माळा असतो, म्हणून तो आधी उपसतात. पण माळ्यावर त्याच वस्तू असतात ज्यांचा निर्णय आधी कधीतरी झाला नव्हता. नवशिक्याने पहिल्याच दिवशी घरातले सर्वांत कठीण प्रश्न सोडवायला बसू नये. तिथे ओल शिरली असेल तर मात्र क्रम सोडा आणि आधी तेच बघा.

एका खणाचं काम, क्रमाने

एका बैठकीला एक खण किंवा एक फळी, पूर्ण कपाट नाही. पंचवीस मिनिटांचा गजर लावा. तासभर मोकळा असेल तर त्याची वाटणी साधारण अशी: दहा मिनिटं उघड कचरा, तीस मिनिटं निवड, दहा मिनिटं परत लावणं आणि शेवटची दहा मिनिटं बाहेर जाणाऱ्या वस्तू खरोखर दारापर्यंत नेणं. ही शेवटची दहा मिनिटं सगळे खाऊन टाकतात, आणि मग भरलेल्या पिशव्या महिनाभर पॅसेजमध्ये उभ्या राहतात.

१. खण न उपसता, उभ्या उभ्या उघड कचरा उचला. रिकामी वेष्टनं, वाळलेली पेनं, फुटकी झाकणं, मुदत संपलेलं. यात विचार करावा लागत नाही आणि ढीग दिसायला लगेच कमी होतो.

२. उरलेलं सगळं टेबलावर काढा. टेबल नसेल तर जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यावर. अर्धवट उठावं लागलं तर चार टोकं धरून सगळं एकदम बाजूला करता येतं. पलंगावर नको. रात्री झोपायची वेळ झाली की जे हाती येईल ते आत कोंबलं जातं.

३. सारखं सारख्याजवळ ठेवा. या टप्प्यावर काहीही टाकायचं नाही, ठेवायचंही नाही, फक्त गट करायचे. सात कात्र्या सात ठिकाणी असतात तोवर प्रत्येक गरजेची वाटते. सातही शेजारी आल्या की प्रश्न आपोआप सुटतो.

४. प्रत्येक गटातून कुठलं *ठेवायचं* ते निवडा. सातांपैकी कुठल्या चार टाकू असं विचारलं तर सातही कात्र्यांवर वेगवेगळा विचार करावा लागतो. सर्वांत चांगल्या तीन उचलल्या की काम झालं. उरलेल्या चार न बघता खोक्यात. वेळ वाचतो तो मुख्यतः इथे.

५. दुसऱ्या खोलीतली वस्तू निघाली तर टोपलीत टाका आणि जागेवरून उठू नका. ती ठेवायला गेलं की तिथला पसारा दिसतो, मग तो आवरायला घेतला जातो, आणि संध्याकाळी दोन खोल्या उपसलेल्या असतात. टोपलीची फेरी एकदाच, शेवटी.

६. दहा सेकंदांत ठरलं नाही तर अनिश्चित खोक्यात. खोका भरला की चिकटपट्टीने बंद करून त्यावर आजपासून तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर उघडावा लागला नाही तर न उघडताच द्या. उघडून एकदा बघण्याचा मोह टाळा, नाहीतर सगळे निर्णय पुन्हा पहिल्यापासून. हंगामी वस्तू आणि कागदपत्रं या खोक्यात कधीच नकोत. दहांतली एकापेक्षा जास्त वस्तू इथे जात असेल तर तुमचा आकडाच पुरेसा पक्का नाही. थांबा आणि तो पुन्हा लिहा.

७. खण ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या आणि लावायला घ्या. रोज लागणारं कंबर ते खांदा या उंचीत, जड खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर. खणाचा पाचवा भाग रिकामा सोडा. ही जागा वाया जात नाही. खण गच्च भरला की एक वस्तू ठेवायला दुसरी हलवावी लागते, आणि तेवढा त्रास कोणी घेत नाही. वस्तू टेबलावरच राहते.

कपडे

शंका असलेले कपडे एकेक करून घालून बघू नका. सगळे बाजूला काढा आणि शेवटी एकदम घाला, आरशासमोर, बसून आणि वाकून. फक्त उभं राहून बघितलेला कपडा नंतर पुन्हा कपाटातच पडून राहतो. ज्यांचं काहीच ठरत नाही त्यांचे हँगर उलट्या तोंडाने अडकवा. एखादा कपडा घातला की परत ठेवताना हँगर सरळ करा. वर्षाअखेर जे उलटे उरतील त्यांचा वेगळा विचार करायची गरज नाही. 'बारीक झाल्यावर घालीन' या गटाला एक पिशवी द्या, त्यापेक्षा जास्त नाही.

कागद

सगळ्यांत जास्त वेळ कागद खातात, कारण आपण ते वाचत बसतो. पहिल्या फेरीत फक्त कागदाचा मथळा बघायचा आणि तीन ढीग करायचे: कायमचे, मुदतीचे आणि रद्दी. जन्म, विवाह, शिक्षण, मालमत्ता, मृत्युपत्र, नागरिकत्व यांचे कागद कायमचे. करविषयक कागद, विम्याचे हप्ते, हमीपत्रं आणि बिलं मुदतीची. ती किती वर्षं ठेवायची हे तुमच्या देशाच्या कर-नियमांत बघा, पाकिटात घाला आणि पाकिटावर ठळक लिहा: 'अमुक तारखेनंतर फाडणे'. एवढं लिहिलं की पुढच्या वेळी ते पाकीट उघडावंही लागत नाही.

उपकरणांची माहितीपुस्तकं बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे आहे एवढं तपासा आणि रद्दीत टाका. दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांकडे मात्र लक्ष द्या. त्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात आणि कालांतराने पुसट होतात. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक खिशात ठेवल्या तर आणखी लवकर. हमीसाठी लागणाऱ्या पावतीचा आजच फोटो किंवा छायाप्रत काढा. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका: उष्णतेने आणि गोंदाने चिकटलेलं प्लॅस्टिक नंतर काढता येत नाही आणि काही कार्यालयं असा कागद मूळ म्हणून स्वीकारत नाहीत. स्कॅन केलेल्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण एकच हार्ड डिस्क म्हणजे एकच अपघात.

खातं क्रमांक किंवा सही असलेला कागद हाताने दोनदा फाडून भागत नाही. कागद तुकडे करायचं यंत्र नसेल तर साधा कागद बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी कुस्करून लगदा करा. चकचकीत कागद असा विरघळत नाही. त्यावरचे आकडे कात्रीने आडवेतिडवे कापा.

वायरी, फोन, बॅटऱ्या

सगळ्या वायरी आणि चार्जर एकत्र पसरा, घरातली उपकरणं शेजारी ठेवा आणि जोड्या लावा. जुळलेल्या चार्जरवर लगेच चिकटपट्टी लावून उपकरणाचं नाव लिहा. जोडी हरवलेला जुना अडॅप्टर दुसऱ्या उपकरणाला लावण्याआधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा: व्होल्ट उपकरणाला लागतात अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि पिनचं अधिक-उणे चिन्ह जुळायला हवं. हे जुळत नसेल तर त्याच्या मागे वेळ घालवू नका, तो ई-कचऱ्यात जाऊ द्या.

फोन देण्याआधी त्यातल्या खात्यातून बाहेर पडा आणि *नंतर* फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटला तर पुढच्या माणसाला फोन तुमचाच पासवर्ड मागत राहू शकतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. जुन्या हार्ड डिस्कवरची फाइल नुसती डिलीट केल्याने माहिती पुसली जात नाही. संपूर्ण पुसून टाकणारं सॉफ्टवेअर वापरा.

लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक घरच्या कचऱ्यात टाकू नका. दाबल्या गेल्या तर पेट घेतात. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. ती किल्ल्या-नाण्यांच्या खणात पडून राहिली तर धातूने दोन्ही टोकं जोडली जाऊन आग लागू शकते, तेव्हा तिला चिकटपट्टी हवीच. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका; जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि त्याच दिवशी केंद्राला विचारा. बटणासारखे लहान सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर तो दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो.

औषधं आणि रसायनं

उरलेली औषधं परत घेणारं औषधालय जवळ असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळ्या न कुटता मातीत मिसळा, पिशवी घट्ट बंद करा, नाव असलेली चिठ्ठी खोडा आणि कचऱ्यात टाका. माहितीपत्रकात तसं सांगितलं नसेल तर शौचालयात ओतू नका. क्रीम-लोशनवर उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम, ६ एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढे महिने ते वापरता येतं.

जागा वाचवायला दोन अर्ध्या बाटल्यांतलं एका बाटलीत ओतायची इच्छा होते. साफसफाईच्या रसायनांच्या बाबतीत हे कधीही करू नका. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्ही विषारी. लेबल निघालेली बाटली वास घेऊन ओळखायचा प्रयत्नही नको.

आठवणींच्या वस्तू

इथे वेग हा मुद्दाच नाही. आधी खोका ठरवा, माणशी एक, झाकण लागेल असा. संचातली एक वस्तू ठेवली तरी आठवण राहते, बारा कपांपैकी एक कप पुरतो. मोठ्या वस्तूचा चांगल्या उजेडात फोटो काढा. छापील फोटोंतले धूसर आणि एकसारखे आधी काढा, ते पटकन होतं. उरलेल्यांच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता काढू नका, अगदी फाटका टी-शर्टही. एकदा असं झालं की घरातली माणसं पुढच्या वेळी आपलं सामान लपवायला लागतात. त्याऐवजी त्यांना ठरलेली फळी द्या. फळीच्या आत काय ठेवायचं ते त्यांनी बघावं.

पसाऱ्यामुळे पलंग, शेगडी किंवा बाहेर पडायचा दरवाजा वापरता येत नसेल आणि काहीही काढायच्या नुसत्या कल्पनेने माणूस अस्वस्थ होत असेल, तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही. साठवणुकीचा हा विकार २०१३ पासून डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंदवलेला आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा. जबरदस्तीने घर रिकामं केलं तर बहुधा ते पुन्हा भरतं आणि विश्वासही जातो.

घराबाहेर

द्यायच्या वस्तू त्याच दिवशी दाराबाहेर किंवा गाडीत जायला हव्यात. घ्यायला कुणी येणार असेल तर दिवस ठरवून घ्या. फाटके, डागाळलेले कपडे 'दान' म्हणून पाठवू नका. ते निवडून टाकायचं काम फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. विकण्याचा मार्ग मोहक आहे आणि तितकाच वेळखाऊ: फोटो, वर्णन, चौकशीचे फोन, न येणारी गिऱ्हाइकं. फार तर दोन-तीन महागाच्या वस्तूंपुरता तो ठेवा, आणि दोन आठवड्यांत विकली गेली नाही तर वस्तू देऊन टाका.

पुस्तकं लहान खोक्यांतच भरा. मोठा खोका भरायला सोयीचा वाटतो, पण उचलताना तळ सुटतो किंवा कंबर धरते.

पुन्हा भरू नये म्हणून

रोज दहा मिनिटं, ठरल्या वेळी, घरातल्या मोकळ्या पृष्ठभागांवरचं उचलून जागेवर ठेवायचं. जेवढी नवी वस्तू आली तेवढीच त्याच प्रकारची जुनी बाहेर. तरीही एखादी जागा महिन्याभरात पुन्हा भरलीच तर शिस्तीला दोष देण्याआधी अंतर बघा. किल्ल्या, चष्मा, टपाल रोज जिथे टाकलं जातं तिथून त्यांची नेमलेली जागा बहुधा लांब असते, किंवा तिथे पोचायला झाकण, खण आणि आणखी एक झाकण उघडावं लागतं. अशा वेळी वस्तू पडते तिथेच उघडा ट्रे ठेवा. ट्रे ओसंडायला लागला की तो रिकामा करायचा, त्याहून मोठा आणायचा नाही.